दुसरं म्युझिक सॉफ्टवेअर ठेवायचं का नाही, हे कसं ठरवायचं

कम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड, एडिट आणि मिक्स करायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये (यालाच डीएडब्ल्यू म्हणतात) गाणी होतायत तरी दुसरं घ्यावंसं वाटतंय, किंवा दोन-तीन आधीच मशीनवर आहेत आणि रोज कुठलं उघडायचं इथेच गाडी अडते, अशा दोन्ही लोकांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन सॉफ्टवेअर ठेवण्यात काहीच वावगं नाही, फक्त दुसऱ्याकडे एक ठरलेलं काम पाहिजे, जे एका वाक्यात सांगता येईल आणि जे पहिल्यात होत नाही किंवा फार त्रासाने होतं. दोन्हीत तेच काम चालू असेल, म्हणजे आज याच्यात बीट, उद्या त्याच्यात बीट, मूड असेल तसं, तर एकातही हात बसत नाही आणि अर्धवट प्रोजेक्ट दोन ठिकाणी साठत जातात.

आणि ज्यांनी अजून एकाही सॉफ्टवेअरमध्ये गाणं पहिल्या नोटपासून फायनल मास्टरपर्यंत नेलेलं नाही त्यांनी दुसऱ्याचा विचार सध्या बाजूलाच ठेवा. गाणं पूर्ण झाल्याशिवाय अडचण सॉफ्टवेअरची होती का आपलं शिकायचं राहिलं होतं हे कळतच नाही. दुसरं घेतलं तर तीच अडचण तिकडेही येणार, फक्त मेनू वेगळे.

आधी तक्रार लिहून काढा

काम करताना शेजारी एक नोट उघडी ठेवा आणि जिथे जिथे अडाल तिथे एक ओळ टाका. "व्होकलचे बरेच टेक घेतले, चांगले तुकडे जोडता जोडता संध्याकाळ गेली." "हाय-हॅटचे रोल काढताना प्रत्येक नोट हाताने कापावी लागली." "लाइव्ह वाजवताना कोरस अजून एकदा घ्यायचा होता, घेता आला नाही." "मिक्स करणाऱ्याने सेशन फाइल (म्हणजे पूर्ण प्रोजेक्टची फाइल) मागितली, आपल्याकडे ते सॉफ्टवेअर नाही." अशा ओळी पाहिजेत. "प्रोफेशनल वाटत नाही" किंवा "सगळे तेच वापरतात" असलं काही लिहिलं गेलं असेल तर खोडून टाका, त्यावरून काही ठरवता येत नाही.

दोन-चार गाणी झाली की यादी वाचा. एकच तक्रार परत परत दिसत असेल तर ती खरी. एकदाच आलेली असेल तर तेवढं काम कसंबसं उरकून पुढे गेलात ना, मग त्यासाठी अख्खं सॉफ्टवेअर शिकायची गरज नाही.

"त्याचा साउंड चांगला आहे" हे कारण तपासून बघा

हे कारण सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, की अमक्याचा आवाज मोकळा येतो, तमक्यात बास भरीव वाटतो. यावर वाद घालण्यापेक्षा टेस्ट करा, अर्ध्या तासात निकाल लागतो आणि घ्यायच्या आधीच मनातला एक मोठा गोंधळ संपतो.

सहा-आठ वेव्ह फाइल घ्या, ड्रम, बास, गिटार, आवाज असं काहीही. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याच फाइल पहिल्या बारपासून टाका. एकही प्लगिन (वेगळं जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट) लावू नका, मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे पण नाही, काही सॉफ्टवेअर नवीन प्रोजेक्टमध्ये मास्टरला आपोआप लिमिटर लावून देतात तो काढा. टेम्पोप्रमाणे ऑडिओ ताणण्याचं सेटिंग दोन्हीकडे बंद. सगळे फेडर मायनस दहा डेसिबलवर, हाताने ओढून नाही, आकडा टाइप करून. सॅम्पल रेट सारखा. आता दोन्हीकडून एक्स्पोर्ट करा, नॉर्मलाइझ (आवाजाची पातळी आपोआप वाढवणं) बंद, डिदर (बिट कमी करताना मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद. त्या दोन्ही फाइल एकाच नवीन प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅकवर एकाखाली एक ठेवा, एकाची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा, उलटी करा आणि प्ले दाबा. दोन्ही फाइल सारख्या असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर हलत नाही. किंवा इतकं खाली, मायनस शंभर डेसिबलच्या पलीकडे काहीतरी राहतं की ते कुठल्याच स्पीकरवर ऐकू येणार नाही.

शांतता आली नाही, पातळ आवाजात गाणं ऐकू येतंय, असं झालं तर बहुतेक वेळा कारण पॅन लॉ असतं. मोनो ट्रॅक मधोमध असताना तो दोन्ही स्पीकरमधून येतो म्हणून सॉफ्टवेअर त्याला थोडा खाली आणतं, पण किती खाली हे प्रत्येकाचं वेगळं, कुठे शून्य, कुठे ३ डेसिबल, कुठे ४.५. आता मधोमध काय असतं, तर किक, बास आणि गाणाऱ्याचा आवाज. म्हणजे तीच गाणी तेच फेडर ठेवून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि पहिल्यात पॅन लॉ ३, तिथे शून्य असेल तर बास आणि आवाज ३ डेसिबल वर येणार, आणि माणूस म्हणणार की याचा साउंडच भारी आहे. सेटिंगमध्ये जाऊन पॅन लॉ सारखा केला की परत शांतता. ट्रॅकची बेरीज करायचं गणित सगळीकडे तेच आहे, आजची सगळी ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्येच बेरीज करतात.

खरा फरक पडतो तो वेगळ्या जागी. लूप ताणून टेम्पोला बसवायचं प्रत्येकाचं तंत्र वेगळं असतं, म्हणून ९० टेम्पोचा लूप १२० ला नेला की एकात ठोके फाटतात, दुसऱ्यात साफ राहतात. सोबत येणारे सिंथ, ईक्यू, कॉम्प्रेसर वेगळे असतात. तुमचं अर्ध काम लूप ताणण्याचं असेल तर "आवाज वेगळा येतो" ही तक्रार बरोबर आहे, तिला यादीत राहू द्या.

कुठल्या कारणांसाठी दुसरं ठेवणं योग्य

समोरच्याची फाइल उघडायची असेल तर. प्रो टूल्स १९९१ पासून आहे आणि मोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये, सिनेमाच्या साउंडमध्ये अजूनही तेच सगळ्यात जास्त चालतं, त्याचं सेशन नीट उघडायचं तर प्रो टूल्सच लागतं. तुमचं नेहमीचं काम अशा स्टुडिओबरोबर असेल तर ठेवा, त्यात फार डोकं लावायची गरज नाही. पण आधी समोरच्याला विचारा की बाबा सेशनच पाहिजे का वेव्ह फाइल चालतील. बऱ्याच वेळा मिक्स करणाऱ्याला वेव्हच हवे असतात, कारण त्याच्याकडे तुमचे प्लगिन नसतातच, सेशन दिलं तरी अर्ध्या जागी "प्लगिन सापडला नाही" असंच दिसणार. आणि फक्त बघण्यापुरतं, शिकण्यापुरतं हवं असेल तर प्रो टूल्स इंट्रो फुकट आहे, ८ ऑडिओ ट्रॅकपर्यंत.

स्टेजवर वाजवायचं असेल तर. एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं तेच या विचाराने. त्यातल्या सेशन व्ह्यूमध्ये गाण्याचे तुकडे चौकटीत असतात, एक दाबला की पुढचा बार सुरू होताना तो बरोबर तालात शिरतो, मग कोरस दोनदा घ्या नाहीतर सहादा, गाणं तुमच्या हातात राहतं. टाइमलाइनवाल्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेहेड डावीकडून उजवीकडे जाणार आणि तुम्ही त्याच्यामागे. घरी गाणं लॉजिकमध्ये किंवा क्युबेसमध्ये करायचं, त्याचे स्टेम (ड्रम, बास, आवाज अशा वेगवेगळ्या ऑडिओ फाइल) लाइव्हमध्ये चढवायचे आणि स्टेजवर फक्त लाइव्ह, ही जोडी मला सगळ्यात सरळ वाटते, कारण दोन कामांमध्ये गोंधळ होण्याची जागाच नाही.

सुचण्याची पद्धत वेगळी असेल तर. हे कारण लोक हलकं समजतात, पण माझ्या मते हेच सगळ्यात वजनदार आहे. एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमध्ये दुसऱ्या वाद्याच्या नोट मागे फिकट दिसत राहतात, एका क्लिकमध्ये नोटचे बारीक तुकडे होतात, कॉर्ड गिटारसारखा किंचित मागेपुढे पसरवता येतो. जो माणूस त्यावर शिकलाय त्याचे हात तिथे विचार न करता चालतात, आणि त्याला मेलडी तिथेच सुचते. मग व्होकल रेकॉर्डिंग आणि एडिटिंग त्याला दुसऱ्यात बरं वाटत असेल तर खुशाल दोन ठेवावीत. सुचायची जागा मोडू नये.

आणि चौथं, मशीन बदलणं. लॉजिक फक्त मॅकवर चालतं, २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. घरी मॅक आणि बाहेर विंडोज लॅपटॉप असेल तर दुसरं लागणारच, किंवा दोन्हीवर चालणारं एकच निवडायचं, आणि ते जास्त चांगलं. गॅरेजबँड आणि लॉजिक हे दोन धरू नका, गॅरेजबँडचं प्रोजेक्ट लॉजिकमध्ये थेट उघडतं, ती पुढची पायरी आहे.

आहे त्यातच होतंय का ते बघा

यादीतली तक्रार हातात घेऊन सध्याच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल उघडा. खरंच उघडा, व्हिडिओ नाही, मॅन्युअल. गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी एकमेकांकडून इतकं उचललंय की जुनी समीकरणं राहिली नाहीत. लाइव्हमध्ये टेक जोडता येत नाहीत असं अजूनही लोक सांगतात, पण २०२१ मध्ये आवृत्ती ११ पासून कॉम्पिंग त्यात आहे. चौकटीतले लूप फक्त लाइव्हमध्येच मिळतात असंही नाही, लॉजिकमध्ये २०२० पासून लाइव्ह लूप्स आहेत, बिटविगमध्ये सुरुवातीपासूनच आहेत, एफएलमध्ये परफॉर्मन्स मोड आहे. सूर दुरुस्त करायला लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, क्युबेसमध्ये व्हॅरिऑडिओ. आणि एआरए नावाची सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तिथे मेलोडाइन हा सूर दुरुस्त करायचा प्लगिन थेट ट्रॅकवरच उघडतो, आधी पूर्ण ट्रॅक वाजवून आत घ्यायची भानगड राहत नाही.

मधला रस्ता पण आहे. रीझन हे सॉफ्टवेअर आवडतं पण त्याचा सिक्वेन्सर (नोटा मांडायची जागा) नको, तर २०१९ मधल्या आवृत्ती ११ पासून रीझनचा रॅक, म्हणजे त्यातली वाद्यं आणि इफेक्ट, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणून लावता येतो. एफएल स्टुडिओ पण दुसऱ्याच्या आत प्लगिन म्हणून उघडतं, म्हणजे पॅटर्न एफएलमध्ये आणि टाइमलाइन दुसऱ्याची, आणि प्रोजेक्ट एकच सेव्ह करायचं. हे जमलं तर दोन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करण्यातला निम्मा त्रास संपतो.

जो खर्च आधी दिसत नाही

लायसन्सचे पैसे दिसतात, ते एकदाच जातात किंवा सबस्क्रिप्शन असेल तर परत परत, पण हिशोबात तरी येतात. हाताचा खर्च दिसत नाही. क्लिप कापायला रीपरमध्ये एस, लाइव्हमध्ये कंट्रोल-ई, लॉजिकमध्ये कमांड-टी. दिवसात शंभर वेळा करायची गोष्ट आहे ही, आणि चुकीचं बटण दाबलं की गाण्यातून लक्ष उडतं, मग जे सुचत होतं ते गेलं. यावर उपाय म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर उघडल्याच्या पहिल्या दिवशीच रोजचे दहा-बारा शॉर्टकट पहिल्यासारखे करून घ्या. स्टुडिओ वनमध्ये तर क्युबेस, प्रो टूल्स, लॉजिकचे शॉर्टकट तयारच मिळतात, निवडायचे फक्त.

नोटांची नावं हा असाच एक बारीक काटा. मिडीमधली (आवाज नाही, फक्त नोटांची माहिती नेणारी पद्धत) ६० नंबरची नोट, म्हणजे मधला सी, लाइव्हमध्ये सी३ दिसतो, रीपरमध्ये सी४ आणि एफएलमध्ये सी५. मित्राने "बास सी२ वर आहे" असं लिहून पाठवलं आणि तो एफएलवाला असेल तर लाइव्हमध्ये ती नोट सी० वर शोधावी लागेल. मिडी फाइलमध्ये नंबर जातो, म्हणून फाइल बरोबर वाजते, गडबड फक्त बोलण्यात आणि लिहिण्यात होते.

प्लगिनचं वेगळं. प्लगिनचे फॉरमॅट वेगवेगळे असतात, लॉजिक फक्त एयू घेतं, प्रो टूल्स फक्त एएएक्स, बाकी बहुतेक सगळी व्हीएसटी. तुमचा आवडता छोट्या कंपनीचा प्लगिन एएएक्समध्ये नसेल तर प्रो टूल्समध्ये तो नाहीच. म्हणून दुसरं घ्यायच्या आधी रोजच्या वापरातल्या प्लगिनची यादी करून प्रत्येकाच्या पानावर फॉरमॅट बघून घ्या. सोबत मिळालेले प्लगिन तर बाहेर जातच नाहीत, लॉजिकचा रिव्हर्ब लॉजिकमध्येच राहणार. दोन सॉफ्टवेअर वापरायची ठरली तर मुख्य ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब दोन्हीकडे चालणारे घ्यावेत असं मी म्हणेन, मग कान तरी एकाच ठिकाणी राहतो.

अपडेटचं थोडक्यात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की दोघांचंही तपासावं लागतं, आणि एकाचं जरी अडलं तरी सिस्टीम अपडेट थांबवावी लागते.

ट्रायल कशी घ्यायची

डेमो गाणं उघडून बघण्यात काही अर्थ नाही, ते त्यांच्या माणसांनी चमकवून ठेवलेलं असतं. ट्रायलमध्ये तुमचं एक नवीन गाणं करा, छोटं चालेल, पण त्यात तुमची यादीतली तक्रार असलेलं काम आलंच पाहिजे. तक्रार व्होकल टेकची होती ना, मग व्होकलचे टेक घ्या, जोडा, सूर लावा, एक्स्पोर्ट करा. तक्रार स्टेजची होती तर कंट्रोलर लावून उभं राहून वाजवून बघा. पहिले काही दिवस हात अडखळणार, ते मोजू नका. बघायचं हे की ते एक काम खरंच सुटलं का, आणि मग तुम्ही आपोआप त्याच्याकडे परत जाताय का.

ट्रायलच्या अटी आधी वाचा, कारण त्या फार वेगवेगळ्या आहेत. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद नाही. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण विकत घेईपर्यंत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडत नाही, म्हणून बसल्या बैठकीत वेव्ह आणि मिडी एक्स्पोर्ट करून उठायचं. एफएलचीच अजून एक गोष्ट, सगळ्यात खालच्या फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, ट्रायलमध्ये मात्र सगळं मिळतं, म्हणून ट्रायलवर भाळून खालची आवृत्ती घेऊ नका. लाइव्हची इंट्रो पण १६ ट्रॅकवर थांबते. स्टेजसाठी बारा स्टेम वाजवायचे असतील तर ती पुरते, पूर्ण गाणं करायला कमी पडेल. दुसऱ्या सॉफ्टवेअरचं काम एकच ठरलेलं असलं की खालची आवृत्ती पुरते का नाही हे असं लगेच कळतं.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, इकडून तिकडे नेणं

दोन सॉफ्टवेअर टिकतील का नाही हे शेवटी इथे ठरतं. दोघांमधलं नेणं-आणणं कंटाळवाणं असेल तर महिन्याभरात तुम्हीच एक सोडून द्याल. म्हणून ट्रायल चालू असतानाच एक पूर्ण गाणं नेऊन बघा.

पहिल्यात गाण्याची कॉपी सेव्ह करा, मूळ प्रोजेक्टला हात लावू नका. मास्टरवरचं लिमिटर, कॉम्प्रेसर आहे तसं ठेवून आधी एक पूर्ण मिक्स एक्स्पोर्ट करा, तो रेफरन्स. मग मास्टरचे प्लगिन बंद करून प्रत्येक ट्रॅक वेगळा काढा, सगळे पहिल्या बारच्या पहिल्या ठोक्यापासून, शेवटचं एकच गिटार शेवटच्या कोरसमध्ये येत असलं तरी त्याची फाइल पहिल्या बारपासूनच, पुढची शांतता असू दे. शेवटी दोन-चार बार जास्त घ्या, नाहीतर रिव्हर्बची शेपटी कापली जाते आणि ते तिकडे गेल्यावरच कळतं. २४ बिट, प्रोजेक्टचा जो सॅम्पल रेट असेल तोच. जे इफेक्ट आवाजाचाच भाग आहेत, म्हणजे गिटारचा अँप, सिंथचं डिस्टॉर्शन, ते सकट काढा, आणि जो ईक्यू-कॉम्प्रेशन मिक्ससाठी तात्पुरता लावलाय तो बंद करून. शंका असेल तिथे दोन्ही काढा. साइडचेनचं बघून घ्या, किकवर दबणारा बास किक म्यूट असताना एक्स्पोर्ट केला तर काही सॉफ्टवेअरमध्ये तो दबतच नाही. फाइलच्या नावात वाद्य लिहा, "ऑडिओ १७" नको. टेम्पो आणि स्केल एका नोटमध्ये.

जागेचा अंदाज पण घ्या. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी, चार मिनिटांचं गाणं आणि वीस स्टिरिओ ट्रॅक धरले तर १.४ जीबीच्या आसपास, एका गाण्याचे. मोनो गोष्टी मोनोच काढल्या तर त्या निम्म्यावर येतात.

दुसऱ्यात सगळं टाका, टेम्पो लावा, रेफरन्स मिक्स एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि आळीपाळीने सोलो करून ऐका. ड्रम रेफरन्सपेक्षा मागेपुढे वाटतायत का, कुठला सेंड इफेक्ट हरवलाय का, हे पाच मिनिटांत कळतं. सगळं बरोबर बसलं तर ही जोडी चालणारी आहे.

मिडी पण काढून ठेवा, पण त्यात काय जातं ते लक्षात असू दे. नोट, त्यांचा जोर, पेडल-मॉड्युलेशनसारखे कंट्रोलर, टेम्पो एवढं जातं, आवाज जात नाही. एएएफ या प्रोजेक्ट नेण्याच्या फाइल फॉरमॅटमध्ये ऑडिओचे तुकडे, त्यांच्या जागा, फेड जातात, प्लगिनची सेटिंग नाही. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनसने (स्टुडिओ वनवाल्यांनी) डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट काढला, त्यात ऑडिओ, नोट, ऑटोमेशन आणि दोन्हीकडे असलेल्या प्लगिनची सेटिंगसुद्धा जातात, क्युबेसने पण १४ पासून तो घेतलाय. तुमची जोडी या तिघांपैकी दोघांची असेल तर हे आधी वापरून बघा. तरी वेव्ह काढून ठेवायचे सोडू नका.

दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवून जोडायचा विचार असेल तर जरा जपून. रीवायर नावाचा पूल १९९८ पासून होता, कितीतरी लोकांचं काम त्यावर चालायचं, २०२० संपताना तो बंद झाला आणि त्यावर बांधलेली जुनी प्रोजेक्ट लटकली. आता एबलटन लिंक आहे, एकाच नेटवर्कवर टेम्पो आणि ताल जुळवून ठेवतं, जॅमिंगला छान आहे, पण ते मुळात ताल जुळवण्यासाठीच बनलंय. शिवाय विंडोजवर बरेचसे एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि ऑडिओ इंटरफेस जोडणारे) एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला ऑडिओ इंटरफेस देतात, दुसरं उघडलं की आवाजच येत नाही आणि माणूस तासभर केबल तपासत बसतो.

ठेवायचं ठरलं तर

सीमा आखून घ्या आणि भिंतीवर लावा हवं तर. "गाणं एफएलमध्ये सुचणार आणि अरेंज होणार, त्यानंतर वेव्ह काढले की एफएल बंद, व्होकल आणि मिक्स रीपरमध्ये." एकाच दिशेने. मिक्समध्ये असताना बासची ओळ बदलावीशी वाटली तर एफएल उघडा, तेवढा एक ट्रॅक परत काढा, त्याच नावाने पुढे आकडा लावून, आणि परत या. पूर्ण गाणं उलटं नेऊ नका, दोन-तीन फेऱ्यांनंतर ताजी आवृत्ती कुठली हे तुम्हालाच सांगता येणार नाही. दोन्हीकडे टेम्प्लेट करून ठेवा, दुसऱ्यात तर ट्रॅकचे रंग, बस, रिव्हर्ब तयार असलेलं, म्हणजे वेव्ह टाकले की थेट कामाला सुरुवात. फोल्डर गाण्याच्या नावाचा एकच, आत दोन उपफोल्डर.

नवीन फीचर शिकायचा वेळ मुख्य सॉफ्टवेअरला द्या. दुसऱ्याचं फक्त त्याचं काम शिका, बाकीचे मेनू नाही बघितले तरी चालतं.

काढायचं ठरलं तर

लगेच अनइन्स्टॉल करू नका. त्यातली जी गाणी पुढेमागे लागू शकतात ती सगळी वर सांगितलंय तसं बाहेर काढा, वेव्ह, मिडी, रेफरन्स मिक्स. प्रोजेक्टमध्ये बाहेरून घेतलेले सॅम्पल एकत्र गोळा करायची कमांड जवळपास प्रत्येकात असते, ती चालवून मगच सेव्ह करा, नाहीतर प्रोजेक्ट राहतं आणि सॅम्पल दुसऱ्याच ड्राइव्हवर. मिक्सरचे आणि महत्त्वाच्या प्लगिनचे स्क्रीनशॉट पण घ्या.

हे कंपनीवर विश्वास असला तरी करा. केकवॉक सोनार कितीतरी लोकांचं मुख्य सॉफ्टवेअर होतं, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सनने त्याचं काम थांबवलं, पुढे २०१८ मध्ये बँडलॅबने घेऊन ते फुकट दिलं म्हणून ती प्रोजेक्ट उघडत राहिली. प्रत्येक सॉफ्टवेअरला असा घेणारा मिळेलच असं नाही, आणि वेव्ह फाइल मात्र कशातही उघडते.

मग काही आठवडे आयकॉन डेस्कटॉपवरून काढून फक्त मुख्य सॉफ्टवेअरमध्ये काम करा. त्या काळात जुनं उघडावं लागलं तर कशासाठी लागलं ते त्याच यादीत लिहा. एकच काम असेल तर तुम्हाला दुसऱ्याचं ठरलेलं काम सापडलं, ठेवा. लागलंच नाही तर लायसन्स त्या मशीनवरून डिअ‍ॅक्टिव्हेट करा, अकाउंटचा पासवर्ड आणि सिरियल नंबर जपून ठेवा, इन्स्टॉलर बॅकअप ड्राइव्हवर टाका आणि मग अनइन्स्टॉल करा. काही कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करू देतात, त्यांच्या पानावर अट बघून घ्या, कोणाला तरी उपयोगी पडेल.